स्वतःच्या भाकरीवरचा आमदार

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली होती. त्यांचे सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. पण ज्या जिल्ह्यांतल्या वकिलांनी इतकी चिवट लढाई रस्त्यावर दिली, त्या जिल्ह्यांतून वकिलीच्या कमाईवर घर चालवणारा, बापजाद्यांची गादी पाठीशी नसलेला माणूस आज विधानसभेत का पोहोचत नाही? पूर्वी पोहोचत होता. आता असा माणूस शोधावा लागतो. बेंच आलं म्हणून या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही.

हा वकिलांच्या मानापानाचा विषय म्हणून मी लिहीत नाही. कायदे करणारा माणूस कुणाच्या भाकरीवर जगतो, याच्याशी तुमचा-माझा संबंध आहे. तालुक्याच्या कोर्टात उभं राहून, आपल्या हिमतीवर पुढे आलेला आमदार ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची मोठी कमाई होती, ती आपण घालवत आहोत आणि ती परत मिळवता येते, असं माझं ठाम मत आहे.

आधी हा माणूस घडतो कसा ते पाहू. एलएल.बी. झालेला मुलगा गडहिंग्लजला, कागलला किंवा जयसिंगपूरला एखाद्या सिनिअरच्या हाताखाली उभा राहतो. पहिली काही वर्षं तारखा मागणं, नकला काढणं, बेलिफाच्या मागे लागून समन्स बजावून घेणं एवढंच त्याच्या वाट्याला येतं. मग हळूहळू पक्षकार सिनिअरऐवजी त्याच्याशी बोलायला लागतात. शेजाऱ्याने पाणंदीत दगड टाकले म्हणून ज्याचा तोडलेला ऊस फडातच वाळतोय तो शेतकरी येतो. त्याचा अर्ज १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारापुढे चालवायचा असतो. बांधावरून नवाच रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लावावं लागतं. एक कलम चुकीचं टाकलं की अर्ज फेटाळला जातो आणि गडी पुढचा हंगाम हरतो. वडील वारल्यावर वारसनोंदीत भावांनी जिचं नाव घातलंच नाही अशी सासरी नांदणारी बाई येते. काळम्मावाडीच्या, चांदोलीच्या धरणात जमीन गेलेला माणूस येतो. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर पूर्वीचाच मालक नांगर धरून उभा असतो आणि याच्या हातात फक्त कागद.

कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणाऱ्या कूळकायद्याच्या फायली तर कित्येक वर्षं तालुक्यातल्या वकिलीचा कणा होत्या. कूळ मालक मानलं गेलं तो १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कलम '३२ ग'खाली ठरलेली जमिनीची किंमत, ती भरल्यावर मिळणारा '३२ म'चा खरेदीचा दाखला, हे आकडे आणि अक्षरं आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनाही तोंडपाठ असतात. आजोबांनी हप्ते भरले, दाखला घरात सापडत नाही, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा. त्या शेऱ्यामुळे जमीन विकायची किंवा बिगरशेतीला न्यायची म्हटलं की परवानगीसाठी प्रांताधिकाऱ्याच्या दारात हेलपाटे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून ही परवानगीची अट सुटते, अशी सोय झाली. कायद्यातल्या एका कलमातली दोन-चार वाक्यं बदलली आणि हजारो घरांचं ओझं हलकं झालं. ही दुरुस्ती पन्नास वर्षं आधी का सुचू नये? तालुक्याच्या कोर्टात रोज ते गाऱ्हाणं ऐकणाऱ्याला ती केव्हाच सुचलेली होती. त्याच्या हाताला विधेयकाचा कागद लागत नव्हता, एवढीच अडचण होती.

म्हणजे या माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात. कायद्याचा शब्द काय आहे, आणि तो शब्द कुठल्या टेबलावर अडतो. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला पहिली ठाऊक असते, गावातल्या कार्यकर्त्याला दुसरी. दोन्ही एकाच डोक्यात असणारी माणसं मुळातच थोडी.

यशवंतराव चव्हाणांकडे आपण मोठ्या पदांच्या बाजूने बघतो, म्हणून त्यांच्या सुरुवातीकडे दुर्लक्ष होतं. वडील कोर्टात बेलिफ. ते लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी मुलं वाढवली. १९३२ साली तुरुंगवास. नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए., पुण्यातून १९४१ मध्ये एलएल.बी., आणि मग वकिली कराडमध्ये. मुंबईला जाऊन मोठं नाव काढण्याच्या खटपटीत ते पडले नाहीत. १९४६ मध्ये विधिमंडळात गेले आणि १९५६ मध्ये मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. बेलिफाचा मुलगा कोर्टाच्या त्याच आवारात वकील म्हणून येतो आणि तिथून राज्याच्या कारभारापर्यंत जातो, अशी ही वाट तेव्हा होती. अरुंद, कष्टाची, पण उघडी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण कर्तबगार माणसाचं चरित्र सांगताना आपण ती हमखास गाळतो. अशा माणसाला आपण स्वयंभू म्हणतो. त्याची हिंमत, त्याच्या आईचे कष्ट खरेच. पण त्याच्या पायाखाली कुणीतरी दगड बसवलेले होते. कोल्हापुरात ते राजर्षी शाहू महाराजांनी बसवले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगं, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाच्या जेवणाची आणि निजण्याची सोय झाली नाही तर फुकट शाळाही त्याच्या कामाची नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. त्याच्याही पुढे जाऊन त्यांनी अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. नोकरी देणं त्यांना जास्त सोपं गेलं असतं आणि नोकऱ्या त्यांनी दिल्याही. पण नोकरी मालकाच्या मर्जीवर टिकते, सनद स्वतःच्या हक्काची असते. सनद हातात असलेला महार तरुण कोर्टात उभा राहून सवर्ण साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकतो, ही त्या काळातली केवढी मोठी उलथापालथ होती याचा विचार करावा. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी ज्या तरुण डॉ. आंबेडकरांच्या हाती त्या समाजाचं नेतृत्व सोपवलं, ते पुढे बॅरिस्टर झाले, मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळांचं दुःख विधेयकाच्या भाषेत बसवण्याचं ते काम होतं.

याच मातीतले अण्णासाहेब लठ्ठे. कुरुंदवाडला जन्मलेले, एम.ए., एलएल.बी., राजाराम कॉलेजात प्राध्यापक, बेळगावात वकिली, कोल्हापूर संस्थानचे दिवाण, आणि १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. त्यांचं नाव आज आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

पण कायद्याचं ज्ञान हा माझ्या म्हणण्याचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

वकिलीवर जगणारा आमदार निवडणूक हरला तर दुसऱ्या दिवशी काळा कोट चढवून कोर्टात जातो. पक्षकार असतातच. त्याच्या चुलीला मंत्र्याची परवानगी लागत नाही. म्हणून तो सभागृहात उठून स्वतःच्या सरकारलाही नको ते विचारू शकतो. आता आपल्या जिल्ह्यातला आमदारकीचा रुळलेला रस्ता बघा. गावची सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखान्याचं संचालकपद, जिल्हा बँक, मग विधानसभा. या रस्त्याने आलेल्या माणसाच्या अंगी संघटना असते, माणसं सांभाळण्याचं कसब असतं, ते मी कमी लेखत नाही. पण त्याचा कारखाना कर्जासाठी सरकारच्या थकहमीकडे बघत असतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सरकारच्या सहकार खात्याला संस्थेची कलम ८३ ची चौकशी लावता येते, कलम ८८ खाली संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी बसवता येते, मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवता येतो. ही कलमं भ्रष्ट संचालकांसाठी आहेत आणि ती असायलाच हवीत. प्रश्न असा, की ज्या आमदाराच्या डोक्यावर ही कलमं टांगलेली आहेत, तो त्याच सरकारला विधानसभेत अडचणीचा प्रश्न किती काळ विचारेल? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जी पक्षांतरं झाली ती सगळी विचार बदलल्यामुळे झाली, असं गावातलं शाळकरी पोरही म्हणणार नाही.

इथे रत्नाप्पाण्णा कुंभारांचं नाव घेऊन मला कुणी अडवेल, आणि ते बरोबरच होईल. निमशिरगावच्या गरीब घरातला हा माणूस, प्रजा परिषदेचा नेता, घटना समितीचा सदस्य, आणि पंचगंगा साखर कारखान्याचा संस्थापकही. कारखाना काढूनही ताठ राहता येतं, हे त्यांनी दाखवलं. वसंतदादा पाटील तर जेमतेम शाळा शिकलेले, आणि राज्य चालवण्याची त्यांची जाण भल्याभल्या पदवीधरांना नव्हती. म्हणजे वकिलीची पदवी ही काही शहाणपणाची खूण नाही. आजच्या आमदारांपैकीही कित्येकांच्या नावापुढे एलएल.बी. असेल, पण सनद कपाटात आणि धंदा दुसराच. मी पदवीबद्दल बोलत नाही. सत्तेच्या बाहेर ज्याला स्वतःची कमाई आहे आणि ती कमाई सामान्य माणसाच्या अडचणी सोडवण्यातून येते, अशा माणसाबद्दल बोलतोय. तो प्राथमिक शिक्षक असू शकेल, तालुक्याचा डॉक्टर असू शकेल. वकील त्यातला सगळ्यात स्वाभाविक, कारण विधिमंडळाचं मुख्य काम कायद्याचंच आहे.

ते काम नीट झालं की काय होतं, त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातला आहे. विसापूरचे वि. स. पागे, कायद्याचे पदवीधर, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. दुष्काळी कामं सरकारच्या दयेवर सुरू होतात आणि दयेवरच बंद पडतात, हे त्यांनी बघितलं होतं. मागेल त्याला काम हा त्यांनी मांडलेला विचार १९७२ च्या दुष्काळात राज्यभर नेला गेला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. नोंदणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, असं त्यात लिहिलं गेलं. पैसा कुठून येणार, याचं उत्तर म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कपात, आणि खेड्यातल्या मजुराला हक्काचं काम. २००५ मध्ये साऱ्या देशाने ग्रामीण रोजगाराचा जो कायदा केला त्याचं मूळ इथे आहे. योजना कुणीही जाहीर करतं. मुदत, भत्ता आणि पैशाचा स्रोत तिन्ही कायद्यात बांधून टाकायला तशी कायद्याची नजर लागते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा विधानसभेत गेले. तेही वकील. शेतकरी कामगार पक्ष आक्रसत गेला, तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. एसटीने प्रवास करायचे ही त्यांची आठवण सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची सभागृहातली बैठक: हजर राहणं, पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं तोच मुद्दा नव्या पुराव्यानिशी मांडणं. त्यांना दोनदा पाडणाऱ्या सांगोल्याने त्यांना पुन्हा उभंही केलं. मतदारांनाही याचं श्रेय आहे.

आणि आपण कोल्हापूरकरांनी काय केलं? कॉम्रेड गोविंद पानसरे कोल्हार गावाहून शिकायला इथे आले. वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाई झाले, प्राथमिक शिक्षक झाले, १९६४ च्या सुमारास वकील झाले. मोलकरणी, फेरीवाले, कामगार यांची वकिली त्यांनी आयुष्यभर केली. बार असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. टोलविरोधी आंदोलनात प्रा. एन. डी. पाटलांबरोबर ते रस्त्यावर होते, तेव्हा सगळं शहर त्यांच्या मागे चाललं. एन. डी. सरांना आपण १९८५ मध्ये विधानसभेत पाठवलं, हे कोल्हापूरचं भूषणच. पानसरे मात्र कधीच आमदार झाले नाहीत. १६ फेब्रुवारी २०१५ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत लोटलेली गर्दी आपल्याला अभिमानाची वाटते. लढायला वकीलसाहेब हवेत आणि निवडून द्यायला जोडण्या लावणारा हवा, ही आपली सवय त्या गर्दीने झाकली जात नाही.

वकिलांची बाजू मी एकांगी मांडत नाही ना, हे तपासायला हवं. सावकाराच्या बाजूने कुळाच्या घरावर जप्ती आणणारेही वकीलच होते. बराच काळ हा व्यवसाय मोजक्या जातींच्या हातात होता, म्हणून तर महाराजांना सनदा द्याव्या लागल्या. आमदार असताना वकिली करणं योग्य का, हाही रास्त आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये अशी वकिली करण्याला कायद्याची आडकाठी नाही असं सांगितलं आहे. माझ्या मते आमदाराने सरकारविरुद्धच्या भरपाईच्या आणि ठेक्यांच्या प्रकरणांत उभं राहू नये, एवढी मर्यादा त्याने स्वतः पाळावी. बाकी, कोर्टातून त्याचा पाय पूर्ण निघाला की त्याची भाकरीही सरकारकडे गेली, हे विसरून चालणार नाही.

मग वाट बंद कुणी केली? पैशाने, हे पहिलं उत्तर. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. प्रत्यक्षात काय होतं ते जोतिबाच्या पायथ्यापासून चंदगडच्या घाटापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, पण कायदेशीर आकडाच घेऊ. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला स्वतः दुसरा धंदा करता येत नाही. नियम पाळणारा तालुक्याचा वकील ४० लाख आणणार कुठून? कुणाच्या तरी ओंजळीने पाणी प्यायल्याशिवाय त्याला उभंच राहता येत नाही, आणि प्यायला की ज्या गुणासाठी तो हवा होता तोच गुण संपला.

दुसरं उत्तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात आहे. घोडेबाजार थांबवायला आलेल्या या कायद्याने घोडेबाजार थांबला नाही, फक्त तो घाऊक झाला. पण प्रत्येक साध्या विधेयकावरही व्हीप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते, ही भीती मात्र राहिली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की व्हीपची ही शिक्षा विश्वास-अविश्वास ठराव, धन विधेयक आणि अभिभाषणाच्या आभाराचा ठराव एवढ्यापुरतीच ठेवावी. ते ऐकलं असतं तर कलमागणिक विचार करणाऱ्या आमदाराला सभागृहात काही किंमत उरली असती. आज गोंधळात विधेयकं मंजूर होतात, संयुक्त समितीकडे क्वचित जातात. अशा ठिकाणी अभ्यासू वकिलाने जावंच कशाला, असं एखाद्या हुशार ज्युनिअरला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात खालच्या पायरीवर आहे, आणि तिथे आपल्याला लगेच हात घालता येतो. ज्याच्या घरातून महिन्याला पैसे येत नाहीत तो मुलगा वकिलीची पहिली पाच वर्षं काढूच शकत नाही. चंदगड-आजऱ्याकडची, शाहूवाडी-गगनबावड्याची मुलं सनद घेतात आणि दोन वर्षांत एखाद्या पतसंस्थेच्या वसुली विभागात नोकरीला लागतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती नुसती सूचना आहे, बंधन नाही. तालुक्यातल्या सिनिअरला खरोखरच ते परवडत नाही, हेही मान्य करू. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिल्या तीन वर्षांसाठी दरमहा पाच हजार रुपये देणारी योजना काढली होती. शाहू महाराजांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला ते अशक्य आहे का? मला तसं वाटत नाही.

सर्किट बेंचमुळे कोल्हापुरात काम येतंय, मोठी नावं येत आहेत, कार्यालयांची भाडी वाढत आहेत. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कातल्या जागेची आखणी चालली आहे. त्या आखणीत न्यायदालनं असतील, वकिलांच्या खोल्या असतील, वाहनतळ असेल. सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी एकत्र येऊन तिथे आणखी एका इमारतीची मागणी करावी: कायदा शिकणाऱ्या आणि सनदेनंतर पहिली तीन वर्षं काढणाऱ्या गरीब घरच्या मुलामुलींसाठी बोर्डिंग, जेवणासकट, आणि बेंचमध्ये काम मिळवणाऱ्या ज्येष्ठ वकिलांच्या वर्गणीतून चालणारा विद्यावेतनाचा निधी. सरकारकडे जागा मागावी, पैसा स्वतःचा घालावा. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण वर आलेल्या नेत्यांच्या नावांत एकही बाई नाही. बेंचसाठी जी एकजूट चाळीस वर्षं टिकली ती अजून ताजी आहे, आणि ही मागणी पुढच्या बार असोसिएशनच्या निवडणुकीआधी लेखी ठरावाच्या रूपात यायला हवी.